पोस्ट चारचं विमान

विमान टेबलावर होतं. आकाशात नव्हतं.

मी त्या वेळी साताऱ्याच्या सेंटरात टेबलाशेजारी उकिडवा बसून बॅटरीतलं पाणी बघत होतो. टेबलावर मोठा नकाशा अंथरलेला होता आणि त्यावरची लाल लाकडी सोंगटी विट्याच्या अंगानं साताऱ्याकडं सरकत होती. कानाला टेलिफोन लावलेला कारकून मोठ्यानं सांगत होता, "पोस्ट चार. एक विमान. उंचावर. वायव्येकडं." दुसरा कारकून काठीनं सोंगटी ढकलत होता. असिस्टंट कंट्रोलर कारखानीस यांनी एकदा सोंगटीकडं पाहिलं, एकदा सेंटरचे मुख्य मेजरसाहेब यांच्या बंद दाराकडं पाहिलं आणि भोंगा वाजवायला सांगितलं.

भोंगा वाजला. शाळा रिकाम्या झाल्या, पोरं खंदकात बसली. मंडईत पळापळ झाली आणि भाजी विकणाऱ्या एका म्हातारीच्या मांडीचं हाड मोडलं. पोलीसही खंदकात गेले. मी बाहेर येऊन वर पाहिलं. वर दोन घारी होत्या. पुण्याहून आपली विमानं आली, दोन चकरा मारून परत गेली. शत्रूचं विमान आलंच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, पोलीस खंदकात होते तेवढ्या वेळात एका स्टेशनाजवळच्या तारखात्याच्या तारा कुणीतरी, बहुधा भूमिगतांनी, कापून नेल्या होत्या.

लढाई ऐन जोरात होती तेव्हाची ही गोष्ट. आता लोकांना रडार वगैरे ऐकून माहीत आहे. आमच्या मुलखात तेव्हा तसलं यंत्र नव्हतं. डोंगरावर दगडाची खोपी, त्यात दोन माणसं, एक दुर्बीण आणि एक टेलिफोन. याला पोस्ट म्हणायचे. विमान दिसलं किंवा नुसता आवाज आला तरी माणसानं सेंटरला सांगायचं: किती, किती उंच, कुठल्या दिशेला. सेंटरातला माणूस त्याप्रमाणे नकाशावर सोंगटी ठेवणार. पुढच्या पोस्टनं सांगितलं की सोंगटी पुढं. साहेब लोक टेबलाकडं बघून पुण्याला कळवणार. म्हणजे आकाशाकडं डोंगरावरचा माणूस बघायचा, आणि हुकूम देणारा फक्त टेबलाकडं बघायचा. मधे होती ती माझी तार.

माझी म्हणजे, तारा, टेलिफोन आणि बॅटऱ्या चालू ठेवायचं कंत्राट माझं होतं. ते मला कुणी बोलावून दिलं नव्हतं. पुण्याच्या दोन कंपन्या बसल्या होत्या टेबलापलीकडं, कोट घालून. मी भाव पाडला, अटी वाढवून घेतल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत काम उचललं. आमचं घराणं मिरजेत तंबोरे करणारं. चुलत्याशी भांडण झालं, मी पटाशी फेकून मारली आणि घर सोडलं. पुढं रेल्वेच्या तारेच्या गँगमधे लागलो, खांबावर चढून शिकलो, मग सांगलीत रेडिओ आणि बॅटरीचं दुकान टाकलं. राग माझा तेव्हाही नाकावर होता आणि आजही आहे. म्हणून ही हकीकत मी गोड करून सांगणार नाही.

विट्याच्या डोंगरावरच्या पोस्ट चारवर हवालदार बापू मोहिते होता. पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आलेला. पेन्शनीत आल्यावर काही वर्षं तो रेल्वे यार्डात पहारेकरी होता. मला गँगमधे कुणी घेत नव्हतं तेव्हा मुकादमाला त्यानं सांगितलं होतं, "ह्यो पोरगा तापट हाय, पर काम चोख करतोय. ह्येच्या रागाला मी जामीन." असा जामीन मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही. पोस्टसाठी माणूस हवा होता तेव्हा मीच त्याचं नाव सुचवलं. त्याचा एकुलता मुलगा यशवंत पलटणीत होता, पूर्वेकडच्या आघाडीवर.

त्या हवालदाराला ट्रकमधे घालून साताऱ्याला आणलं. कारखानीसांनी त्याला उभंच ठेवलं. कारखानीस म्हणजे पुण्याच्या कॉलेजात गणित शिकवणारे गृहस्थ. लढाईमुळे साहेब झाले होते. माणूस हुशार होता, ते मी नाकारत नाही.

"काल दुपारचा रिपोर्ट कुणी दिला?"

"ठावं न्हाई, सायेब. आमच्या पोस्टावरनं न्हाई दिला."

"रजिस्टरात पोस्ट चार लिहिलं आहे."

"लिवणाऱ्यानं लिवलं आसंल. आमी बोललोच न्हाई."

"तुम्ही नसाल बोलला. दुसरा माणूस बोलला असेल."

"त्यो पाणी आणाय खाली गेल्ता. टेलिफोनम्होरं मीच हुतो. घार दिसली तरी मी दोनदा बघतो सायेब, इमान कशाला सोडीन?"

कारखानीसांनी कारकुनाला विचारलं, "आवाज कसा होता?"

"गावठी होता. म्हणाला, रामराम साहेब, पोस्ट चार बोलतोय."

मला हसू आलं. मी म्हणालो, "साहेब, साताऱ्यापासून मिरजेपर्यंत सगळे असंच बोलतात. एवढ्या मुलखाला कुठल्या तुरुंगात ठेवणार?"

"मिस्त्री, तुम्ही बॅटरी बघा."

"बॅटरी बघून झाली. आता तार बघायची आहे. ती बघितल्याशिवाय लाइन चांगली आहे अशी सही मी देणार नाही. आणि माझी सही नसेल तर पुण्याचे साहेब तुम्हाला विचारतील, सातारा सेंटर कशाच्या जोरावर चालू ठेवलंय?"

त्यांना ती सही दर महिन्याला लागायची. मी सौदा केला. मी तार बघून येईपर्यंत हवालदार सेंटरातच राहील, पोलिसांच्या ताब्यात जाणार नाही, आणि त्याला बसायला खुर्ची मिळेल. खुर्चीवर ते अडले. मीही अडलो. शेवटी खुर्ची आली.

तार कऱ्हाडवरून खाली मिरजेपर्यंत जायची आणि तिच्यावर पाच पोस्ट होते. पाच पोस्टना पाच तारा ओढाव्यात एवढं तांबं आणि लोखंड तेव्हा कुठं होतं? एकाच उघड्या लोखंडी तारेवर पाचही टेलिफोन. टेलिफोनला खरं तर दोन तारा लागतात. दुसरीचं काम आम्ही जमिनीकडून करून घ्यायचो. लोखंडी खुंटी जमिनीत ठोकायची, तिला टेलिफोनचं एक टोक बांधायचं. जमीन कोरडी असली तर नीट ऐकू येत नाही, म्हणून खुंटीभोवती तांब्याभर पाणी ओतायचं. माझी माणसं वर्षभर हेच करत हिंडत होती, आणि शेताच्या बांधावर बसून लोक ते बघत होते. आम्हीच त्यांना फुकट शिकवलं म्हणा.

मी खांब बघत चाललो. कऱ्हाडच्या पुढं, दोन्हीकडं ऊस आणि मधून तार जाते अशा जागी मला हवं ते सापडलं. बांधावरच्या मुरमात खुंटीचं भोक होतं आणि भोकाभोवती ओतलेल्या पाण्याचा डाग होता. आसपास कुठं पाणी दिलेलं नव्हतं. वर तारेवरचा गंज एका जागी खरवडून निघाला होता, उन्हात ती जागा चमकत होती. वेळूच्या टोकाला आकडा बांधून कुणीतरी तो तारेत अडकवला होता.

मी बरोबरच्या गड्याला वेळू आणायला सांगितला. आकडा केला, तारेत टाकला, त्याच भोकात खुंटी बसवली, पाणी ओतलं आणि माझ्याजवळचा फील्ड टेलिफोन जोडला. कारखानीसांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की दुपारी असं काहीतरी होईल, तेव्हा भोंग्याला हात लावू नका आणि हवालदाराला समोर बसवून ठेवा.

हँडल फिरवलं. "रामराम साहेब, पोस्ट चार बोलतोय."

"बोला पोस्ट चार."

"तीन इमानं. लय खाली. वायव्येकडं."

"तीन विमानं, खाली, वायव्य. ठीक."

एवढंच. वेळू धरून ठेवणारा तो गडी आणि मी, दोघांनी मिळून साताऱ्याच्या टेबलावर तीन विमानं उडवली. कारकुनानं आवाज ओळखला नाही. मी त्याच्या शेजारी रोज बसत होतो तरी. त्या वेळी पोस्ट चारचा हवालदार साताऱ्यात कारखानीसांच्या समोर खुर्चीवर बसून चहा पीत होता.

मेजरसाहेबांना गंमत वाटली. हवालदाराला परत पोस्टवर पाठवलं. बापू जाताना मला म्हणाला, "इब्राम, तीन कशाला सांगितलीस रं? एकात भागलं आसतं." मी म्हणालो, "कंत्राटदार हाय मी. थोडं जास्तच सांगतो."

मग कारखानीसांनी मला उपाय विचारला. मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली: रिपोर्ट देणाऱ्याला खुणेचा शब्द विचारा. प्रत्येक पोस्टला शब्दांची वेगळी यादी द्या. एकदा वापरलेला शब्द खोडा, कारण तार उघडी आहे, एक बोलतो ते सगळे ऐकतात. आज सकाळी ऐकलेला शब्द चोर दुपारी वापरील. दुसरी: शब्दांना कसलाही क्रम नको. "दगड, चमचा, मामा, असं काहीही, वेड्यानं बोलल्यासारखं." तिसरी, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची: एका पोस्टच्या सांगण्यावर भोंगा वाजवू नका. विमान काही विट्याच्या डोंगरात उगवत नाही. ते समुद्राकडून येणार तर घाटमाथ्यावरच्या पोस्टना आधी दिसायला हवं. आधीच्या किंवा शेजारच्या पोस्टनं ऐकलं, पाहिलं, असं सांगितलं तरच सोंगटी लाल. तोवर पांढरी ठेवा.

कारखानीस म्हणाले, उलट फोन करून खात्री केली तर? मी सांगितलं, एकाच तारेवर घंटी सगळीकडं वाजते. आकडा टाकून बसलेल्याकडंही वाजेल, आणि तोच उचलेल.

त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मान डोलावली. "मिस्त्री, तुम्ही शिकला असता तर कुठल्या कुठे गेला असता," म्हणाले. हे वाक्य मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी ऐकवलं आहे. प्रत्येकानं त्यानंतर माझं काहीतरी घेतलं आहे.

पुढं मी बॅटरी बदलायला पोस्ट चारवर गेलो तर बापू खुशीत होता.

"सायबानं लय सोपं केलं बघ. पाठ करायची भानगडच न्हाई."

"शब्द काय आहे आजचा?"

"सांगायचा न्हाई, हुकूम हाय." मग हसून म्हणाला, "आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मंगळवारी बाजार कुठं भरतोय?"

माझ्या हातातला पाना खाली पडला. सात वारांना सात शब्द, आणि ज्या दिवशी ज्या गावचा बाजार त्या दिवशी त्या गावाचं नाव. पाचही पोस्टना एकच शब्द, दिवसभर तोच. आमच्याकडं माणसाला तारीख सांगता येत नाही, पण बाजार चुकत नाही. सोयरिकीची बोलणी बाजारावर ठरतात, उसनं फेडायचा वायदा बाजाराचा असतो, दाढी बाजाराच्या दिवशी होते. शेळ्या राखणाऱ्यालाही जे झोपेत विचारलं तरी सांगता येईल, ते सरकारचं गुपित झालं होतं.

मी तसाच साताऱ्याला गेलो आणि कारखानीसांच्या खोलीत दार न वाजवता शिरलो.

"साहेब, ही कसली यादी? यादी म्हणतात का हिला?"

"आवाज खाली. पोस्टवरची माणसं निरक्षर आहेत. त्यांना तुमचा दगड आणि चमचा लक्षात राहत नाही. दोनदा चाचणी घेतली, दोनदा चुकले. हे एकदाही चुकले नाहीत."

"कसे चुकतील? कुणीच चुकणार नाही. मी चुकणार नाही, माझी बायको चुकणार नाही."

"शत्रूला वडगावचा बाजार कधी असतो हे कळणार आहे का? जपानी माणूस बाजाराला येतो का तुमच्या?"

"जपानी येत नाही. तारेला आकडा टाकणारा येतो. भाजी घेऊन जातो."

ते उठून उभे राहिले. मीही बरंच काही बोललो. त्यांच्या कॉलेजबद्दल बोललो, ते बोलायला नको होतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोन पोस्टच्या नियमाचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, विचाराधीन आहे, त्यात वेळ जातो, खरं विमान आलं तर उशीर होईल. शब्दाची सोय केल्यावर त्याची गरज उरत नाही.

दुसरा खोटा रिपोर्ट आला तो बाजाराच्याच दिवशी, म्हणजे कुठल्याही दिवशी म्हणा. पोस्ट चार. दोन विमानं. कारकुनानं शब्द विचारला. पलीकडून शब्द आला, बरोबर आला. भोंगा वाजला, पुन्हा पळापळ, पुन्हा आकाश रिकामं.

या वेळी बापूला खुर्ची मिळाली नाही. पहिल्या वेळी तो म्हणू शकला होता की तार उघडी आहे, कुणीही बोलेल. आता शब्द होता. कारखानीसांचं गणित सरळ होतं: शब्द फक्त पोस्टला माहीत, बोलणाऱ्यानं शब्द बरोबर सांगितला, म्हणून बोलणारा पोस्टचा. कुलूप नसताना चोरी झाली तर घरच्यांवर कुणी आळ घेत नाही. कुलूप असताना झाली की पहिला संशय घरच्यांवर. ते कुलूप काडीनं उघडणारं आहे, हे बघायला कुणी तयार नव्हतं.

खटला भरायला पुरावा पुरेना, म्हणून त्याला नुसतं काढून टाकलं. कागदावर लिहिलं, सेवेची गरज नाही. गावात त्याचा अर्थ एकच झाला. बापू फितूर. देवळाच्या कट्ट्यावर तो आला की बोलणं थांबायचं. त्याला पेन्शनीची काळजी नव्हती. तो मला म्हणाला, "यशवंताच्या पलटणीत हे गेलं तर? बा फितूर म्हनल्यावर पोराच्या पाठीला कोन उभं ऱ्हाईल?"

मी मेजरसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. कारखानीस व्हरांड्यात साहेबांबरोबर बसलेले होते. बरंच झालं. साहेबांना मोडकं हिंदुस्थानी येत होतं आणि मला मोडकं इंग्रजी. मी म्हणालो, साहेब, तुमच्या बटलरला फक्त एक प्रश्न विचारू द्या. साहेबांनी दौलूला हाक मारली. दौलू हात पुसत बाहेर आला.

मी विचारलं, "दौलू, उद्या साहेबांच्या कोंबड्या कुठनं आणणार?"

"वडगावासनं. उद्या वडगावचा बाजार न्हाई का?"

"आणि परवा?"

"परवा पिंपळगाव. पर तितं कोंबड्या हडकुळ्या मिळत्यात, सायेबांस्नी चालत न्हाईत. अंडी आणतो."

मेजरसाहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी कारखानीसांना इंग्रजीत काय सांगितलं ते मला सगळं कळलं नाही, पण कारखानीसांचे कान लाल झालेले दिसले. तिथल्या तिथं हुकूम झाला. नवे शब्द, प्रत्येक शब्द एकदाच, प्रत्येक पोस्टची यादी वेगळी, ती वाचायला पोस्टवर एक तरी शिकलेला माणूस, आणि दोन पोस्टनी सांगितल्याशिवाय भोंगा नाही. मी विचारलं, "हवालदार मोहिते?" साहेब म्हणाले, कारखानीस रिपोर्ट लिहितील, त्यात ते येईल. आणि चहा प्यायला आत गेले. त्यांच्या दृष्टीनं काम संपलं होतं.

कारखानीसांनी मला त्याच संध्याकाळी बोलावलं. दार लावून घेतलं. पहिल्यांदाच मला बसा म्हणाले.

"मिस्त्री, रिपोर्ट पुण्याला जाणार, तिथून दिल्लीला. माझे शब्द चुकीचे होते म्हणून हवालदार निर्दोष, असं मी माझ्याच हातानं कसं लिहू?"

"मग काय लिहिणार?"

"असं लिहितो की चौकशीत हवालदाराविरुद्ध काही आढळलं नाही, त्याला परत घ्यावं. पण त्यासाठी मला तुमची एक मदत हवी. दोन पोस्टचा नियम, शब्दांची पद्धत, ही सगळी योजना सुरुवातीपासून माझी होती आणि योग्य होती, तुम्ही फक्त तारेचं काम पाहिलं, असं तुम्ही लिहून द्यायचं."

मला पैशाचं काही बोलले असते तर मी त्यांना खिडकीतून बाहेर काढलं असतं. पण हा सौदा मला समजत होता. मोठेपणा त्यांना हवा होता, मला बापू हवा होता. मोठेपणा मी विकत नाही की खात नाही. मी म्हणालो, "आधी तुमची ओळ लिहा." ते म्हणाले, "रिपोर्ट टाइप व्हायचा आहे. शब्द देतो. मास्तराचा शब्द आहे." मी सही केली.

महिन्याच्या आत कारखानीसांना वरची जागा मिळाली आणि ते पुण्याला गेले. नव्या पद्धतीनं काम चांगलं चाललं. पुढं आणखी एकदा पोस्ट चारच्या नावानं विमान आलं, शब्द चुकला, शेजारच्या पोस्टनं काही नाही म्हणून सांगितलं, सोंगटी पांढरीच राहिली आणि मंडई शांतपणे चालू राहिली. बापू तेव्हा घरी बसलेला होता. पोस्टवर दुसरीच माणसं होती. आणखी काय पुरावा पाहिजे?

मी नव्या साहेबाकडं गेलो. त्यांनी फाइल काढली, रिपोर्ट वाचला. सभ्य माणूस होता, दोनदा वाचला.

"मोहित्यांचं नाव इथे नाही."

"नाही म्हणजे? परत घ्यावं, अशी ओळ असेल."

"अशी काही ओळ नाही. उलट सोबत जोडलेल्या कागदात म्हटलंय की शब्दांची योजना पहिल्यापासून निर्दोष होती. मग शब्द फुटला तो माणसामुळेच फुटला असणार, नाही का? खाली सही आहे. इब्राहीम मिस्त्री. ही तुमचीच ना?"

माझीच होती. माझ्याच सहीनं कारखानीसांनी बापूचं दार बाहेरून बंद केलं होतं. मी पुण्याला जाऊन कारखानीसांना भेटायचा प्रयत्न केला. साहेब मीटिंगमधे आहेत. दुसऱ्यांदा गेलो, साहेब दौऱ्यावर आहेत. तिसऱ्यांदा शिपायानं मला आत येऊ दिलं नाही, आणि मी त्याची गचांडी धरली म्हणून माझं कंत्राट गेलं. ते काम कोटवाल्या दोन कंपन्यांपैकी एकीला मिळालं.

बापूला मी सगळं सांगितलं. तो गोठ्यात बसला होता. त्यानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"इब्राम, तू म्हस घेताना दात बगतोस, शेपूट उचलून बगतोस. सायबाचं कायबी बगितलं न्हाईस व्हय?"

"मास्तर होता. शब्द दिला म्हणाला."

"मास्तर हुता म्हणून तर."

त्यापुढं तो त्या विषयावर माझ्याशी बोलला नाही. लढाई संपायच्या आधीच गेला.

लढाई संपल्यावर यशवंत पलटणीतून सुटून आला. बिल्ले लावलेला, उंच, बापासारखाच. तो गावी जायच्या आधी मिरज स्टेशनावरून सरळ सांगलीला माझ्या दुकानात आला. ट्रंक खाली ठेवली. पाणी घेतलं नाही.

"चाचा, एकच इचारायचं हाय. गावात जाऊन इचारण्यापरास तुमास्नी इचारतो. बानं केलं का त्ये?"

मी त्याला सगळं सांगितलं. खुंटी, आकडा, वडगावचा बाजार, दौलू, सगळं. मी काय सही केली तेही सांगितलं. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "तुमी सांगताय त्ये खरं आसंल. पर चाचा, बा निर्दोष हुता तर सरकारनं तसं लिवलं का न्हाई?"

मुलगा तीन वर्षं लढून आला होता. सरकारी कागदावर लिहिलेलं ते खरं, या हिशेबावरच तो जगून परत आला होता. माझ्याजवळ कागद नव्हता. त्यानं ट्रंक उचलली आणि गेला. त्यानं बापाच्या नावानं काही केलं की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या दुकानात तो पुन्हा आला नाही.

आता विमानांवर नजर ठेवायला मोठी यंत्रं आली आहेत म्हणतात. विमानच स्वतः होऊन सांगतं, मी अमुक आहे, इथं आहे. छान आहे. पण सांगणारा तोच कशावरून, हा प्रश्न तेव्हाही होता आणि यंत्र कितीही मोठं झालं तरी राहणार. त्याची उत्तरं मी सांगून चुकलो आहे. खुणेचा शब्द एकदाच वापरा. तो कुणाला आपसूक सुचेल असा ठेवू नका. एकाच्या सांगण्यावर भोंगा वाजवू नका. हे सगळं पुढं सरकारनं मान्य केलं, वेगळ्या नावानं. चौथी गोष्ट मी तेव्हा सांगितली नव्हती, कारण मलाच माहीत नव्हती. ज्यानं कुलूप बसवलं त्यालाच चोरीची चौकशी करायला देऊ नका. तो कुलूप कधीच तपासणार नाही.